पॅकेज नवं, प्रोसेस जुनी: सर्व्हरच्या अपग्रेडविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी अपग्रेडविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत, कारण त्यांचं मूळ एकच आहे. पॅकेज मॅनेजर (डेबियन-उबंटूवर ॲप्ट आणि त्याच्या पोटातला डीपीकेजी) डिस्कवरच्या फायली बदलतो. मेमरीत चालू असलेली प्रोसेस मात्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याशिवाय बदलत नाही. हे दुसरं काम कोण करतं, कधी करतं आणि कधी करतच नाही, इथेच बहुतेकांचं घोडं अडलेलं दिसतं. आज्ञा आणि फायलींची नावं देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायची. वेगळं सांगितलं नसेल तिथे उत्तर डेबियन १२-१३ आणि उबंटू २२.०४-२४.०४ साठी आहे.

प्रश्न: आमचं ऑर्डर घेण्याचं ॲप उबंटू २२.०४ च्या क्लाउड सर्व्हरवर चालतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा, दुपारी पावणेबारा ते साडेबाराच्या दरम्यान, मायएसक्यूएल आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं. तेव्हा सर्व्हरवर कुणी लॉगिन केलेलं नसतं आणि मेमरीही पुरेशी असते. मग हे करतं कोण? (पुणे)

उत्तर: अनअटेंडेड-अपग्रेड्स. उबंटू सर्व्हरवर सुरक्षा-अपडेट आपोआप बसवण्याची सोय पहिल्यापासून चालू असते. तिच्यामागे सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचे दोन टायमर आहेत. ‘ॲप्ट-डेली.टायमर’ याद्या आणि पॅकेजेस उतरवून ठेवतो, ‘ॲप्ट-डेली-अपग्रेड.टायमर’ ती बसवतो. दुसऱ्याची वेळ सकाळी ६ ची आहे आणि जगभरचे सर्व्हर एकाच क्षणी धावत सुटू नयेत म्हणून तिच्यात ६० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर मिसळलेला आहे. गिऱ्हाईक यायच्या आत काम उरकावं, हा हेतू. पण क्लाउडच्या तयार इमेजचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आणि यूटीसीचे सकाळचे ६ म्हणजे आपले साडेअकरा. साडेअकरा ते साडेबारा ही तुमची खिडकी तिथून आली.

दोन-तीन महिन्यांचं अंतरही जुळतं. ओरॅकल जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरक्षा-दुरुस्त्या काढतं. त्यानंतर उबंटू मायएसक्यूएल ८.० ची पुढची आवृत्ती सुरक्षा-भांडारात टाकतं. पॅकेज बसलं की त्याची स्क्रिप्ट सेवा रीस्टार्ट करते.

खात्री करायची तर ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’ उघडा. घटनेच्या वेळेच्या नोंदीत ‘कमांडलाइन’पुढे ‘अनअटेंडेड-अपग्रेड’ दिसेल. त्या नोंदीची वेळही यूटीसीत असते, साडेपाच तास मिळवून वाचा. नुसत्या वेळा पाहून ‘जुळत नाही’ म्हणून बरेच जण इथूनच परत फिरतात.

आता उपाय. टायमरची मूळ फाइल बदलू नका, ॲप्टच्या पुढच्या अपडेटमध्ये ती पुसली जाईल. ‘सुडो सिस्टमसीटीएल एडिट ॲप्ट-डेली-अपग्रेड.टायमर’ देऊन उघडलेल्या कोऱ्या जागेत हे लिहा:

[टायमर]
ऑनकॅलेंडर=
ऑनकॅलेंडर=*-*-* ०२:३० एशिया/कोलकाता
रँडमाइझ्डडिलेसेक=१५एम

पहिली रिकामी ओळ गाळू नका. ती जुनी वेळ पुसते. नसेल तर जुनी आणि नवी दोन्ही वेळा लागू राहतात. मग ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’मध्ये पुढची वेळ तपासा. सगळ्या सर्व्हरचं घड्याळच भारतीय वेळेवर नेण्याचा मोह आवरा, कारण लॉग, क्रॉन आणि बॅकअप सगळंच त्याबरोबर सरकतं. या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट=ट्रू’ आहे हेही ध्यानात असू द्या: रात्री अडीचला मशीन बंद असलं तर राहिलेली फेरी सुरू झाल्यानंतर लगेच उरकली जाते.

मायएसक्यूएलला या व्यवस्थेतून वगळायचं असेल तर ‘/ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी/५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’ या फायलीत ‘पॅकेज-ब्लॅकलिस्ट’खाली त्याचं नाव घाला. पण मग ते अपडेट हाताने करण्याची तारीख कुणाच्या तरी कॅलेंडरवर असलीच पाहिजे. ती नसेल तर वगळू नका. रात्री अडीचचा अर्ध्या मिनिटाचा खोळंबा सुरक्षेच्या भोकापेक्षा परवडतो. आणि तुटलेली जोडणी ॲपने स्वतः पुन्हा जोडायला हवी. ती न जोडणं हा ॲपमधला दोष आहे, डेटाबेसचा नाही.

प्रश्न: ओपनएसएसएलचं सुरक्षा-अपडेट बसवलं आणि एनजिनएक्स रीलोड केलं. एवढं पुरतं का? आणखी कोणत्या सेवा जुनीच लायब्ररी वापरत आहेत हे कसं कळतं? (कोल्हापूर)

उत्तर: पुरत नाही. डीपीकेजी नवी फाइल ‘.डीपीकेजी-न्यू’ अशा तात्पुरत्या नावाने लिहितो आणि मग ती जुन्या नावावर चढवतो. जुन्या फायलीचं नाव गेलं तरी चालू प्रोसेसने ती मेमरीत जोडून घेतलेली असते, म्हणून कर्नल तिचा आयनोड (डिस्कवरची फायलीची मूळ नोंद) सोडत नाही. प्रोसेस जगेल तोवर जुना कोड, जुन्या भोकासह, चालत राहतो. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हे ओपनएसएसएलचं भोक उघड झालं तेव्हा दुरुस्त पॅकेज तातडीने आलं होतं, पण ज्यांनी पॅकेज बसवून सेवा रीस्टार्ट केल्या नाहीत त्यांच्या सर्व्हरची मेमरी बाहेरून वाचता येतच राहिली.

रीलोडने एनजिनएक्सची मुख्य प्रोसेस फक्त कॉन्फिगरेशन पुन्हा वाचते आणि नवे वर्कर जन्माला घालते. ते वर्कर त्याच मुख्य प्रोसेसच्या पोटचे, म्हणजे लायब्ररीही तीच जुनी. ‘सुडो एनजिनएक्स -टी’ने कॉन्फिगरेशन तपासा आणि ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एनजिनएक्स’ द्या. तपासणी आधीच करायची. चुकीच्या कॉन्फिगरेशनवर रीलोड दिला तर जुनी प्रोसेस निदान चालू राहते. रीस्टार्टमध्ये जुनी मेलेली असते आणि नवी उठत नाही.

जुनी फाइल धरून बसलेल्या प्रोसेस शोधायला:

सुडो ग्रेप -एल 'लिबएसएसएल.*डिलीटेड' /प्रॉक/[०-९]*/मॅप्स

येणाऱ्या प्रत्येक ओळीतला आकडा हा प्रोसेसचा क्रमांक. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’पुढे तो आकडा दिला की सेवेचं नाव मिळतं. हेच काम नीटनेटकं करणारं साधन म्हणजे नीडरीस्टार्ट. उबंटू सर्व्हरवर ते असतं, डेबियनवर बसवावं लागतं. उबंटू २२.०४ वर ॲप्ट संपताना सेवांची यादी दाखवून निवड विचारणारा जांभळा पडदा येतो, तो यानेच आणलेला. २४.०४ वर ते न विचारता सेवा रीस्टार्ट करतं आणि ज्यांना हात लावला नाही त्यांची वेगळी यादी छापतं. ती यादी वाचायची. डीबस (सेवांचे आपसांतले निरोप पोचवणारी सेवा), लॉगिन सांभाळणारी सेवा, नेटवर्कच्या सेवा, पडद्यावरचं लॉगिन हे सारे तिथे मुद्दाम ठेवलेले असतात, कारण डीबस मध्येच रीस्टार्ट केलं तर त्यावर बोलणाऱ्या साऱ्या सेवा लटकतात. त्यांच्यासाठी आणि कर्नलसाठी रीबूटच. उबंटूवर ‘/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल उगवली की रीबूट देणं आहे असं समजा. कोणत्या पॅकेजमुळे ते तिच्याच नावाला ‘.पीकेजीएस’ जोडलेल्या फायलीत असतं.

तुमची एखादी सेवा, समजा तासन्‌तास चालणारा हिशेबाचा वर्कर, नीडरीस्टार्टने कधीच परस्पर उठवू नये असं असेल तर ‘/ईटीसी/नीडरीस्टार्ट/कॉन्फ.डी’मध्ये फाइल करून ‘ओव्हरराइड_आरसी’त तिच्या नावापुढे ० ठेवा. स्क्रिप्टमधून ॲप्ट चालवताना पडदा नको असेल तर ‘नीडरीस्टार्ट_मोड’ हे चल ‘एल’ (नुसती यादी) किंवा ‘ए’ (आपोआप) असं द्या.

कंटेनरची गोष्ट यात येत नाही. त्यातल्या लायब्ररी त्याच्या इमेजमधल्या असतात. यजमान मशीनवर ओपनएसएसएल कितीही बदललं तरी इमेज नव्याने बांधेपर्यंत आत काहीच बदलत नाही.

प्रश्न: डेबियन १२ वर मारियाडीबीचा डेटा वेगळ्या कूटबद्ध डिस्कवर आहे. ती डिस्क आम्ही हाताने उघडून माउंट करतो. मागच्या अपग्रेडच्या वेळी ती माउंट नव्हती, सेवा थांबवलेली होती, तरी अपग्रेडनंतर मारियाडीबी चालू झालं आणि त्यात आमचा एकही डेटाबेस दिसेना. अपग्रेडच्या वेळी सेवा उठूच नये असं करता येतं का? (नाशिक)

उत्तर: आधी जीव भांड्यात पडू दे: तुमचा डेटा डिस्कवर जिथल्या तिथे असणार. पॅकेजच्या पोस्टइन्स्ट (पॅकेज बसल्यावर चालणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये मारियाडीबीचे मूळ तक्ते उभारणारी आज्ञा असते. तिला माउंटची जागा रिकामी दिसली, तिने तिथे कोरा डेटाबेस मांडला. सेवा बंद करा, तो कोरा संसार बाजूला हलवा, डिस्क माउंट करा.

नुसतं ‘स्टॉप’ का पुरलं नाही? सेवा इनेबल असेल तर हाताने थांबवलेली असली तरी अपग्रेडनंतर पॅकेज तिला पुन्हा उठवू शकतं. ‘डिसेबल’चा मुख्य अर्थ बूटच्या वेळी सुरू करू नका, एवढाच, दुसरी सेवा तिला ओढून सुरू करू शकते. पक्कं कुलूप म्हणजे ‘सुडो सिस्टमसीटीएल मास्क --नाऊ मारियाडीबी’. याने सेवेचं नाव ‘/डेव्ह/नल’कडे वळतं आणि कुणालाही ती सुरू करता येत नाही. ‘--रनटाइम’ जोडलंत तर हे कुलूप पुढच्या रीबूटला आपोआप उघडतं. ‘--नाऊ’ विसरलात तर चालू असलेली सेवा चालूच राहते.

दुसरा मार्ग डेबियन घराण्याचा खास आहे: ‘/यूएसआर/एसबिन/पॉलिसी-आरसी.डी’ ही स्क्रिप्ट. पॅकेजने कुठलीही सेवा हलवायच्या आधी तिला विचारलं जातं. तिने १०१ परत केलं तर मनाई, ० किंवा १०४ केलं तर परवानगी.

#!/बिन/एसएच
केस "$१:$२" इन
मारियाडीबी*:स्टार्ट|मारियाडीबी*:रीस्टार्ट) एक्झिट १०१ ;;
इसॅक
एक्झिट ०

फायलीला ‘सीएचमॉड ७५५’ हवं, नाहीतर तिला कुणी जुमानत नाही. नावापुढची चांदणी मुद्दाम आहे: पहिल्या जागी कधी नुसतं नाव येतं, कधी ‘.सर्व्हिस’ जोडलेलं. बऱ्याच ठिकाणी केवळ ‘एक्झिट १०१’ एवढीच एक ओळ लिहायला सांगतात. त्यात फसगत अशी की ‘स्टॉप’लाही मनाई होते, म्हणजे जुनी प्रोसेस चालू असताना तिच्या पायाखालच्या फायली बदलतात. सेवा आधी आपण थांबवायची आणि वर दिल्याप्रमाणे फक्त उठवण्याला अटकाव करायचा. काम झालं की फाइल काढून टाका. ती राहिली तर दोन महिन्यांनी कुणीतरी नवं पॅकेज बसवतं, सेवा सुरू होत नाही, आणि ‘पॉलिसी-आरसी.डी डिनाइड एक्झिक्यूशन ऑफ स्टार्ट’ ही ॲप्टच्या गर्दीतली एकच ओळ कुणी वाचलेली नसते. डॉकरच्या अधिकृत डेबियन इमेजमध्ये ही १०१ वाली फाइल आधीपासून असते, म्हणून कंटेनर बांधताना बसवलेली सेवा आपोआप सुरू होत नाही.

पण तुमच्या दुखण्यावर हे दोन्ही उपाय अर्धेच. मास्क असो वा पॉलिसी, तक्ते उभारणारी आज्ञा पोस्टइन्स्टमधून थेट चालते, ती सेवा नव्हे. म्हणून डिस्क माउंट नसताना या मशीनवर मारियाडीबीचं अपग्रेड होऊच द्यायचं नाही: ‘सुडो ॲप्ट-मार्क होल्ड मारियाडीबी-सर्व्हर’, डिस्क उघडल्यावर ‘अनहोल्ड’. जोडीला सेवेच्या ड्रॉप-इनमध्ये (‘सिस्टमसीटीएल एडिट’ने उघडणाऱ्या जोड-फायलीत) युनिट या शीर्षकाखाली ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=’पुढे डेटाचा मार्ग द्या आणि ती डिस्क ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये ‘नोऑटो’सह नोंदवा. मग माउंटशिवाय सेवा सुरूच होणार नाही.

प्रश्न: ॲप्ट प्रत्येक वेळी अपाचेपाशी अडकतं: ‘पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट सबप्रोसेस रिटर्न्ड एरर एक्झिट स्टेटस १’. दुसरं काहीही बसवायला गेलं तरी तीच ओळ. ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’मधली स्क्रिप्ट रिकामी करा असा सल्ला मिळाला. करावं का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: नको. त्या स्क्रिप्टमध्ये सेवा सुरू करण्याखेरीज वापरकर्ता तयार करणं, परवानग्या लावणं, मॉड्यूलचे दुवे जोडणं अशी कामंही असतात. ती गाळली तर पॅकेज ‘बसलं’ असं दिसेल आणि खरी गडबड पुढच्या अपग्रेडला बाहेर येईल.

पॅकेज उलगडलं गेलं आहे, पण जुळणी अर्धवट आहे, एवढाच या ओळीचा अर्थ. ॲप्ट दर वेळी ती पुरी करायला जातो, अपाचे उठत नाही, स्क्रिप्ट हार मानते. तेव्हा अपाचे का उठत नाही ते पाहा. ‘जर्नलसीटीएल -यू अपाचे२ -बी’च्या शेवटच्या ओळी, मग ‘अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट’, मग ‘सुडो एसएस -एलटीएनपी’मध्ये ८० आणि ४४३ या पोर्टांवर कोण बसलंय. तिथे एनजिनएक्स सापडणं हे नेहमीचं कारण. दुसरं कारण, काढून टाकलेल्या पीएचपी आवृत्तीचं मॉड्यूल कॉन्फिगरेशनमध्ये अजून लावलेलं असणं. तिसरं, डिस्क भरलेली. ‘डीएफ -एच’बरोबर ‘डीएफ -आय’ही बघा. जागा मोकळी दिसते आणि आयनोड संपलेले असतात, असं लाखो छोट्या सेशन फायलींनी सहज होतं.

कारण दूर केल्यावर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, आणि ‘डीपीकेजी --ऑडिट’ने काही उरलंय का ते पाहा. अपाचे या मशीनवर मुळात चालवायचंच नसेल तर ते मास्क करून हीच आज्ञा द्या.

तुमच्या पत्राच्या शेवटी कुलपाची फाइल पुसल्याचा उल्लेख आहे. ते पुन्हा करू नका. ‘लॉक-फ्रंटएंड’ धरणारी प्रोसेस कोणती ते त्याच संदेशात क्रमांकासह लिहिलेलं असतं, बहुतेकदा ती अनअटेंडेड-अपग्रेड असते. कुलूप फोडून दुसरा डीपीकेजी आत सोडला तर दोघे एकाच नोंदवहीत लिहायला लागतात. ॲप्टला ‘-ओ डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=६००’ दिलं की तो दहा मिनिटं शांतपणे वाट पाहतो.

प्रश्न: घरून एसएसएच करून उबंटू २२.०४ चं २४.०४ करायचं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेट केव्हाही जातं. मध्येच एसएसएच सेवाच रीस्टार्ट झाली तर मी बाहेर आणि सर्व्हर अर्धवट, असं होईल का? सर्व्हरवर एनजिनएक्स, पीएचपी, पोस्टग्रेसक्यूएल आणि पायथनचं एक ॲप आहे. (म्हापसा)

उत्तर: एसएसएच सेवा रीस्टार्ट झाल्याने चालू सत्र तुटत नाही. तिच्या युनिट फायलीत ‘किलमोड=प्रोसेस’ असतं, त्यामुळे फक्त ऐकणारी मुख्य प्रोसेस मरते, तुमच्या सत्राची नाही. धोका इंटरनेट जाण्याचा आहे: टर्मिनल नाहीसं झालं की त्यावर चालणारा ॲप्टही बुडतो. म्हणून टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) काम करा. ‘डू-रिलीज-अपग्रेड’ स्वतःही ‘स्क्रीन’ या तशाच साधनात चालतं आणि राखीव वाट म्हणून १०२२ पोर्टवर दुसरी एसएसएच सेवा उघडतं. पण फायरवॉलमध्ये आणि क्लाउडच्या सुरक्षा-गटात ते पोर्ट तुम्हालाच मोकळं करावं लागतं. निघण्याआधी ‘सुडो एसएसएचडी -टी’ द्या, काहीही न छापता परतलं तर ठीक. आणि सेवादात्याच्या संकेतस्थळावरची कन्सोल उघडून तिथून लॉगिन होतं का ते पाहा. पासवर्डच ठाऊक नाही, हे अनेकांना त्या वेळीच कळतं. कॉन्फिगरेशन फायलींविषयी प्रश्न आला की एसएसएचसाठी ‘जुनीच ठेवा’ म्हणा, नवी ‘.यूसीएफ-डिस्ट’ नावाने शेजारी राहते, फरक नंतर निवांत पाहता येतो.

एक बदल मात्र जाणवेल: २४.०४ वर एसएसएच सॉकेटमार्फत सुरू होतं. ‘एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये पोर्ट बदललं तर ‘डेमन-रीलोड’ आणि मग ‘एसएसएच.सॉकेट’ रीस्टार्ट, असं करावं लागतं. नुसती सेवा रीस्टार्ट करून ते लागू होत नाही.

खरं तर एसएसएचपेक्षा पीएचपी, पायथनचं ॲप आणि पोस्टग्रेसक्यूएल या तिघांची काळजी करा. रीबूटनंतर त्यांत गडबड सापडण्याची शक्यता मोठी.

पीएचपी ८.१ वरून ८.३ वर जातं. एनजिनएक्सच्या फायलीत ‘/रन/पीएचपी/पीएचपी८.१-एफपीएम.सॉक’ लिहिलेलं असेल तर तो सॉकेट नाहीसा होतो आणि प्रत्येक पानाला ५०२ येतं. आधीच त्याजागी ‘/रन/पीएचपी/पीएचपी-एफपीएम.सॉक’ लिहा, हा दुवा चालू आवृत्तीकडे वळतो. पूलमध्ये स्वतः केलेले बदल, जसे वर्करची संख्या किंवा मेमरीची मर्यादा, ‘/ईटीसी/पीएचपी/८.१’ मधून ‘८.३’ मध्ये हाताने न्यावे लागतात.

पायथन ३.१० चं ३.१२ होतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमधली पॅकेजेस ३.१० च्या फोल्डरात असतात, तिथे नवा पायथन बघतही नाही: ‘मॉड्यूलनॉटफाउंड’. दुवा थेट ३.१० कडे असेल तर सिस्टमडी ‘२०३/एक्झेक’ दाखवतो. निघण्याआधी ‘पिप फ्रीझ’ करून यादी काढून ठेवा, नंतर एन्व्हायर्न्मेंट पुसून नवं बांधा. सेवा तोवर वारंवार उठून पडत राहिली असेल. १० सेकंदांत ५ वेळा पडली की सिस्टमडी प्रयत्न सोडतो, म्हणून दुरुस्तीनंतर ‘रीसेट-फेल्ड’ देऊन सुरू करा.

पोस्टग्रेसक्यूएलचा प्रकार सर्वांत नाजूक. १४ शेजारी १६ बसतं, त्याचा कोरा क्लस्टर (डेटाबेसांचा संच) ५४३३ पोर्टवर उभा राहतो. तुमचा डेटा १४ मध्येच, ५४३२ वर असतो. अपग्रेडच्या शेवटी ‘कालबाह्य पॅकेजेस काढू का?’ असं विचारलं जातं. इथे नाही म्हणा. हो म्हटलंत तर १४ चा सर्व्हर जाऊ शकतो आणि डेटा वाचणारं कुणी उरत नाही. रीबूटनंतर ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ने दोन्ही क्लस्टर पाहा, १६ खरोखर कोरा असल्याची खात्री करून ‘सुडो पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १६ मेन’, मग ‘सुडो पीजी_अपग्रेडक्लस्टर -एम डम्प १४ मेन’. पोर्टांची अदलाबदल ते साधन स्वतः करतं. डम्प पद्धतीला वेळ आणि जवळजवळ दुप्पट जागा लागते, पण इंडेक्स नव्याने बांधले जातात. ‘-एम अपग्रेड’ झटपट होतं, मात्र इंडेक्स जुनेच येतात. अक्षरांचा क्रम ठरवणारी ग्लिबसी अपग्रेडमध्ये बदललेली असते, त्यामुळे मजकुराच्या स्तंभांवरचे इंडेक्स चुकू शकतात आणि असलेली ओळ शोधात सापडत नाही. ती पद्धत घेतली तर ‘रीइंडेक्स’ करायचंच. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं की जुना क्लस्टर टाका.

प्रश्न: आमच्या टीमने ॲपचं डेब पॅकेज केलं आहे. अपग्रेडमध्ये सेवा जवळपास मिनिट-दीड मिनिट बंद राहते. इतका वेळ का लागतो? (ठाणे)

उत्तर: दोन ठिकाणी वेळ जातो. जुन्या घडणीच्या पॅकेजमध्ये सेवा प्रीआरएममध्ये (जुनी आवृत्ती काढण्याआधीच्या स्क्रिप्टमध्ये) थांबते आणि पोस्टइन्स्टमध्ये उठते. मधल्या काळात डीपीकेजी त्या फेरीतली बाकीची पॅकेजेसही उलगडत असतो. डेब पॅकेज बांधणाऱ्या डेबहेल्परची सुसंगतता-पातळी १० किंवा पुढची ठेवली तर ‘डीएच_इन्स्टॉलसिस्टमडी’ सेवा चालू ठेवतो आणि शेवटी एकदाच रीस्टार्ट करतो. मात्र तुमचं ॲप टेम्प्लेट किंवा मॉड्यूल लागेल तेव्हा डिस्कवरून वाचत असेल तर जुन्या प्रोसेसला मध्येच नव्या आवृत्तीची फाइल मिळेल. तसं असेल तर ‘--नो-रीस्टार्ट-आफ्टर-अपग्रेड’ देऊन आधी थांबवण्याची जुनी रीतच बरोबर, किंवा प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र फोल्डरात ठेवा.

उरलेलं दीड मिनिट संशयास्पद नेमकं आहे. सिस्टमडी थांबण्याचा इशारा देऊन डीफॉल्टने ९० सेकंद वाट पाहतो आणि मग प्रोसेस ठार करतो. तुमचं ॲप हा ‘सिगटर्म’ इशारा ऐकतच नसावं. ते शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असेल आणि युनिटमध्ये ‘किलमोड’ बदललेला असेल तर इशारा शेललाच मिळू शकतो, ॲपपर्यंत पोचत नाही. तसं असेल तर स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीला आधी ‘एक्झेक’ जोडा. जर्नलमध्ये ‘स्टेट स्टॉप-सिगटर्म टाइम्ड आउट’ दिसलं तर निदान पक्कं. उलट डेटाबेससारख्या सेवेला ९० सेकंद अपुरे असतात. मारियाडीबीच्या युनिटमध्ये ती मर्यादा ९०० सेकंद ठेवलेली आहे ती उगाच नव्हे.

रांगेतली लांब कामं करणाऱ्या वर्करसाठी ‘--नो-रीस्टार्ट-ऑन-अपग्रेड’ द्या आणि हातातलं काम संपल्यावर त्याने स्वतः बंद व्हावं अशी व्यवस्था ठेवा; ‘रीस्टार्ट=ऑलवेज’ असेल तर तो नव्या कोडवर उठेल.

प्रश्न: डॉकर इंजिन अपडेट केलं की सगळे कंटेनर थांबतात. टाळता येतं? (पिंपरी)

उत्तर: ‘/ईटीसी/डॉकर/डेमन.जेसन’मध्ये ‘लाइव्ह-रिस्टोअर’ला ‘ट्रू’ द्या आणि ‘सिस्टमसीटीएल रीलोड डॉकर’ करा. रीस्टार्ट नको, नाहीतर याच वेळी सगळे थांबतील. ‘डॉकर इन्फो’मध्ये ते चालू दिसायला हवं. मर्यादा दोन: आवृत्तीच्या शेवटच्या आकड्यापुरत्या छोट्या अपडेटलाच याची हमी आहे, मोठ्या उडीला नाही, आणि स्वॉर्मबरोबर (डॉकरच्या अनेक मशीनांच्या जुळणीबरोबर) ते चालत नाही. मोठ्या उडीसाठी ‘डॉकर-सीई’, त्याचं सीएलआय आणि ‘कंटेनरडी.आयओ’ होल्डवर ठेवून वेळ ठरवा. कंटेनर स्वतःहून उठावेत म्हणून ‘--रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड’ हवंच.

प्रश्न: रॉकी लिनक्सवर हेच सगळं लागू होतं का? (नागपूर)

उत्तर: तत्त्व तेच, स्वभाव वेगळा. इथे पॅकेज बसवल्याने सेवा सहसा सुरू होत नाही, ‘इनेबल --नाऊ’ तुम्ही द्यायचं. अपग्रेडमध्ये बहुतेक पॅकेजेस ‘ट्राय-रीस्टार्ट’ करतात, म्हणजे चालू असेल तरच रीस्टार्ट. थांबवलेली थांबलेलीच राहते. नाशिकच्या वाचकांचा निम्मा त्रास इथे झाला नसता. ‘डीएनएफ नीड्स-रीस्टार्टिंग -एस’ सेवा दाखवतं, ‘-आर’ रीबूट हवं का ते. हवं असेल तर परतीचा आकडा १, म्हणून स्क्रिप्टमध्ये वापरायला सोपं. तुम्ही बदललेली कॉन्फिगरेशन फाइल सहसा न विचारता तशीच राहते आणि नवी ‘.आरपीएमन्यू’ नावाने शेजारी पडते. विचारलं जात नाही, म्हणून दर अपग्रेडनंतर ‘/ईटीसी’त तशा फायली शोधा.

प्रश्न: मॅकवर ‘ब्रू अपग्रेड’ केल्यावर रेडिस जुनीच आवृत्ती दाखवतं. (डोंबिवली)

उत्तर: होमब्रू चालू सेवेला हात लावत नाही. ‘ब्रू सर्व्हिसेस लिस्ट’ने काय चालू आहे ते पाहा आणि ‘ब्रू सर्व्हिसेस रीस्टार्ट रेडिस’ द्या. फार दिवस तसंच ठेवू नका: होमब्रू जुनी फोल्डरं साफ करत असतं आणि चालू प्रोसेसला नंतर एखादी फाइल लागली तर ती जागेवर नसते.